जुळल्याशिवाय उठायचे नाही

सावली गावाच्या बाजूला एका खेड्यात ढिवरांची मासेमारी सोसायटी होती. गावचा तलाव त्यांनी ठेक्याने घेतला होता आणि दरसाल त्यांचे हिशेब तपासायला चांद्याहून आम्ही दोघे जात असू. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. दोघे म्हणजे मी आणि माझ्याहून बरेच मोठे असलेले आमच्या कचेरीतले कारकून. त्यांना मी भाऊ म्हणत असे. सगळा गावच त्यांना भाऊ म्हणे.

भाऊंचा एक नेम होता. ज्याचे हिशेब उघडले, त्याच्या घरचे अन्न ताळा जुळेपर्यंत खायचे नाही. चांद्याहून निघताना ते डब्यात भात आणि जवसाची चटणी बांधून आणीत. सोसायटीच्या छपरीत बसून आम्ही रोजची कीर्द आणि खात्यांची खतावणी ताडून पाहत असू आणि तिकडे चुलीवर मासोळीचे कालवण रटरटत असे. जमा आणि नावे दोन्ही बाजू जुळल्या की भाऊ टाक खाली ठेवीत, हात धूत आणि ताटावर बसत. मग ते इतके जेवत, की वाढणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसत. गावातल्या लोकांना या नेमाची इतकी सवय झाली होती, की हिशेब कुठवर आला असे कोणी विचारीत नसे. दारातून डोकावून एखादा म्हातारा एवढेच म्हणे, “काय भाऊ, आज चटणी का मासोळी?” भाऊंनी मान हलवून डब्याकडे बोट दाखवले, की म्हातारा समजून परत जाई.

मी मात्र पहिल्या दिवसापासून मासोळी खात असे. भाऊंनी त्याबद्दल मला कधी एक शब्दही ऐकवला नाही. म्हणूनच मला तो घास जड जाई, आणि जड गेला तरी मी खाई.

आमची कचेरी चांद्याच्या कोटाच्या आत होती. साहेब म्हणजे सनद असलेले हिशेबतपासनीस. ते आता थकले होते. तालुक्यातालुक्यातल्या सोसायट्या, धानाच्या गिरण्या, बांबू आणि इमारती लाकडाचे ठेकेदार यांचे हिशेब तपासायचे काम आम्ही दोघे करीत असू आणि खाली सही साहेबांची होई. सनदेवाचून सही करता येत नसे. सनदेसाठी परीक्षा होती. भाऊ त्या परीक्षेला अनेकदा बसले होते. हिशेबाच्या पेपरात त्यांना दर वेळी भरपूर मार्क पडत आणि कायद्याच्या पेपरात ते दर वेळी नापास होत, कारण तो इंग्रजीतच लिहावा लागे. भाऊंना इंग्रजी वाचता येई, पण लिहायला बसले की वाक्य अर्ध्यावर मोडून पडे. मी एकदा बसून नापास झालो होतो, तो दोन्ही पेपरांत.

आणे जाऊन शंभराच्या रुपयाचे नवे पैसे आले त्या वर्षीच्या उन्हाळ्यात साहेबांनी आम्हा दोघांना समोर बसवले. परीक्षा मंडळाचे पत्रक आले होते. परीक्षा बदलणार होती. कायद्याचा पेपर आता मराठीतही लिहिता येणार होता. हिशेब मात्र सगळे नव्या पैशांत करायचे होते. आणखी एक बदल होता. पूर्वी एकच मोठा हिशेब देत आणि तो जुळला तर मार्क, नाही जुळला तर काही नाही, असा मामला होता. आता लहान लहान पुष्कळ सवाल येणार होते आणि प्रत्येक पायरीला वेगळे मार्क होते. हे सांगून झाल्यावर साहेब म्हणाले, की ते पुढच्या वर्षाच्या आत नागपूरला मुलाकडे राहायला जातील. तुमच्यापैकी ज्याच्याकडे सनद असेल त्याने ही कचेरी चालवावी. कोणाकडेच नसेल तर कामे नागपूरच्या दुसऱ्या माणसाकडे जातील.

भाऊंच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ होता. सनद नसेल तर त्यांना आलापल्लीच्या बाजूला एका लाकूड ठेकेदाराच्या डेपोवर मुनीम म्हणून जावे लागणार होते. ठेकेदाराने तसे बोलावणे पाठवलेच होते. त्यांच्या घरी वहिनींना दम्याचा त्रास होता आणि त्यांचे औषधपाणी चांद्याला चालू होते. डेपोवर बायकामुले नेण्यासारखी जागा नव्हती. म्हणजे घर चांद्याला आणि भाऊ जंगलात, असे होणार होते.

पण त्या दिवशी भाऊ खुशीत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, “कायदा मराठीत म्हणजे झालंच की गा. हिशेबाचं काय, तो तं आपला घरचाच आहे.” मलाही तसेच वाटले.

मग आमचा अभ्यास सुरू झाला. सकाळी कचेरी उघडण्याआधी आम्ही तिच्या ओसरीवर बसत असू. कायदा मी वाचून दाखवी, त्याचा मराठीत अर्थ लावी आणि भाऊ तो आपल्या भाषेत मला परत सांगत. त्यांनी सांगितला की तो मलाही पहिल्यांदा कळे. हिशेब ते मला शिकवीत. त्यांची पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळी पाठ होती. लहानपणी शाळेत खडा आवाज लावून म्हटलेली ती पाव, अर्धा, पाऊण यांची कोष्टके त्यांच्या तोंडून अजून तशीच सुरात येत. सोळा आण्यांचा रुपया असल्याने कोणताही भाव त्या कोष्टकांत बसत असे. नव्या पैशांत त्यांचा फारसा उपयोग उरला नव्हता, पण त्याचे भाऊंना दुःख झाले नाही. दहादहाने मोजायचे, हे तर पोट्ट्यांचे काम आहे, असे ते म्हणत.

त्यांचे अडले दुसरीकडेच. आण्याचे नवे पैसे सहा आणि वर पाव होतात. तो पाव कुठे ठेवायचा म्हणून सरकारने एक तक्ता काढला होता. एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस, असा तो तक्ता बाजारात प्रत्येक दुकानाच्या खांबावर चिकटवलेला असे. त्यावरून गोल बाजारात रोज भांडणे होत. वहिनींनी एकदा भाजीवालीला आणा देऊ केला, तर ती म्हणाली, मला सात नवे पैसे पाहिजेत. वहिनी म्हणाल्या, तक्त्यात सहा आहेत. भाजीवालीने सांगितले, तक्ता सरकारचा आहे, वांगी माझी आहेत. वहिनींनी ही गोष्ट घरी येऊन सांगितली तेव्हा मी तिथेच होतो; त्या आणि मी हसलो. भाऊ हसले नाहीत. ते पाटीवर काहीतरी मांडत होते.

“हे पाह्य गा,” ते मला म्हणाले, “एका आण्याचे सहा. असे सोळा आणे येगयेगळे मोड. सोळा सक शहाण्णव. रुपयाचे तं शंभर आहेत. मंग चार कुठी गेले?”

मी म्हणालो, ते तुकड्यांत गेले.

“तुकड्यांत गेले म्हणजे कोणाच्या खिशात गेले?”

मी सांगितले, की कोणाच्याच नाही. आधी आण्यांत बेरीज करायची आणि मग एकदाच नव्या पैशांत आणायची, म्हणजे फरक कमी पडतो. कमी पडतो, पण पडतोच. कारण हिशेबात खाती पुष्कळ असतात. प्रत्येक खात्याची बाकी वेगळी मोडावी लागते आणि मोडलेल्या बाक्यांची बेरीज मुळाशी तंतोतंत जुळत नाही. तो फरक शेवटी एका ओळीत दाखवून द्यायचा, असे पत्रकात लिहिले होते. भाऊंनी ती ओळ माझ्याकडून पुन्हा वाचून घेतली.

“म्हणजे चूक कोणाचीच नाई, अन् तरी जुळत नाई?”

“हो.”

“असं नसते,” भाऊ म्हणाले. त्यांनी पाटी पुसली.

त्यावर मी आणखी बोलायला हवे होते. पण मला तेव्हा माझ्याच नापास होण्याची धास्ती होती आणि मला कायद्याचा पुढचा भाग उरकायचा होता.

धानाची कापणी चालू असताना परीक्षा झाली. नागपूरला आम्ही एका धर्मशाळेत उतरलो. कायद्याचा पेपर भाऊंनी इतका भराभर लिहिला, की पर्यवेक्षकाकडून दोनदा पुरवणी घेतली. दुसऱ्या दिवशी हिशेबाचा पेपर होता. सोसायट्यांचे वर्ष जूनअखेर संपते. त्यामुळे पहिल्याच सवालात अशी सोसायटी आली, की जिची कीर्द वर्षाचा बराच भाग आण्यांत होती आणि पुढे नव्या पैशांत. ताळेबंद नव्या पैशांत मागितला होता. मी तो केला, थोडे पैसे कमी आले, ते ‘फरक’ म्हणून एका ओळीत लिहिले आणि पान उलटले. माझ्या पुढे एका बाजूला भाऊ बसले होते. मी दुसरा सवाल संपवून पाहिले, ते पहिल्याच पानावर होते. तिसरा संपवला, तरी ते तिथेच. त्यांचे बोट खालून वर, वरून खाली सरकत होते. ते बेरीज पुन्हा तपासत होते. चूक शोधत होते. चूक नव्हतीच.

मला खोकून त्यांना इशारा देता आला असता, असे मी त्यानंतर किती वेळा मनाशी म्हटले असेल. परीक्षेत तसे करणे गैर होते हे खरे. पण मी केले नाही ते त्या कारणाने नव्हे. माझे सवाल सुटत होते आणि मला मान वर करायची नव्हती.

निकाल आला तेव्हा मी पास होतो. भाऊ कायद्यात पास झाले होते आणि हिशेबात नापास.

साहेबांनी कचेरी माझ्या नावे केली आणि ते नागपूरला गेले. भाऊंनी ठेकेदाराला एक वर्ष थांबा म्हणून निरोप दिला. आणखी एकदा परीक्षा देतो, नाही झालो तर येतो, असे ते कबूल करून बसले. ते वर्ष त्यांनी माझ्या हाताखाली काढले. हाताखाली हा शब्द मी लिहितो आहे; त्यांनी तो कधी मनातही आणला नसेल. ते पूर्वीसारखेच गावोगाव जात, हिशेब जुळवीत, आणि कागद माझ्यापुढे आणून ठेवीत. मी साहेबांच्या खुर्चीवर बसायला लाजत होतो, म्हणून बाकावर बसून सह्या करी. एकदा त्यांनीच खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, “बस ना गा. सही बाकावरून केली काय अन् खुर्चीवरून केली काय, नाव तं तुहंच आहे.” त्यांना मला बोचायचे नव्हते. ते सरळ सांगत होते. मी खुर्चीवर बसलो.

तेव्हाच मी ठरवले, की यंदा भाऊंना पास करायचेच. नव्या नियमाने कायद्याचे मार्क पुढच्या वर्षी धरले जाणार होते, राहिला होता फक्त हिशेब. ज्याने मला हिशेब शिकवला त्याला मी त्याच्याच घरी जाऊन हिशेब शिकवायला बसलो. खरे म्हणजे मला हिशेब शिकवायचा नव्हता. मला त्यांना एवढेच शिकवायचे होते, की फरक राहिला तर तो सोडून पुढे जावे.

ते त्यांना येईना. मी सवाल घाली, ते सगळ्या बाक्यांची तेरीज मांडीत, फरक पडे आणि त्यांचे बोट पुन्हा वर जाई. मी म्हणे, भाऊ, पुढे चला. ते म्हणत, हो, हो, एकडाव पाहून घेतो. ते एकदा पाहणे संपत नसे. मी कागद ओढून घेतला तर रिकाम्या हाताने, आठवून आठवून, हवेत बेरीज करीत. एकदा मी चिडून म्हणालो, की या जिद्दीपायी तुम्हाला आलापल्लीला जावे लागेल. आतून वहिनींचा खोकला ऐकू येत होता. मी शरमलो.

तोड वहिनींनीच काढली. त्या अभ्यासाच्या वेळी दारात बसून तांदूळ निवडत असत आणि आमचे सगळे ऐकत असत. एके दिवशी त्या मला म्हणाल्या, “तुम्ही ह्याईले तोंडानं सांगून राह्यले. तोंडाचं हे काय ऐकतेत? मी सांगतो कसं करायचं ते.” त्या भागात बायाही मी सांगतो, मी करतो, असेच बोलतात.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सवाल सोडवायला बसलो की वहिनी चुलीवर भात ठेवीत. भात झाला की ताट वाढून भाऊंच्या कागदावरच आणून ठेवीत. जुळले असो वा नसो, जेवायचे. पहिल्या दिवशी भाऊ ताटाकडे पाहत राहिले.

“जुळलं नाई अजून,” ते म्हणाले.

“भात शिजला,” वहिनी म्हणाल्या.

“पण तेरीज...”

“तेरजेले म्या नाई शिजवलं. जेवा.”

त्या दिवशी ते जेवले नाहीत. ताट निवून गेले आणि वहिनींनी ते मुकाट्याने उचलून आत नेले. स्वतःही त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच. त्यानंतरच्या दिवशी वहिनींनी ताट ठेवले आणि त्या तिथेच बसून राहिल्या. धाप लागल्यामुळे त्यांचे खांदे वरखाली होत होते. भाऊंनी त्यांच्याकडे पाहिले. मग कागद ताटाखालून काढून बाजूला ठेवला, त्यावर पालथी पाटी घातली आणि पहिला घास घेतला. फरक तसाच होता. ते खाली मान घालून जेवत होते आणि मी समोर बसून आनंदाने पाहत होतो. मी तेव्हा मनात म्हणालो, जमले.

हाच तो क्षण, की ज्याची मला पुढे सगळ्यात जास्त टोचणी लागली. नापास झालेल्या भाऊंना मी पाहिले होते. पण जुळलेले नसताना जेवणारे भाऊ मी कधी पाहिले नव्हते, आणि ते माझ्यामुळे झाले होते. वहिनींचे तसे नव्हते. त्यांना नवरा घरात हवा होता. मला काय हवे होते? मला खुर्चीवर निवांत बसायचे होते.

त्या वर्षी नागपूरला मी त्यांच्याबरोबर गेलो. पेपर सुटेपर्यंत बाहेर एका झाडाखाली थांबलो. घंटा झाल्यावर मुले बोलत बोलत बाहेर आली, त्यांच्या मागून भाऊ आले. ते काही बोलण्याआधीच मी विचारले, सगळे सवाल झाले का?

“झाले,” ते म्हणाले. “शेवटचाही झाला.”

“आणि पहिला?”

“थो नाई जुळला. फरक आहे म्हणून खाली लिहून देलं अन् पान पलटलं.” थोडे चालून गेल्यावर ते थांबले. “थो तुकड्यांचा फरक होता का माही चूक होती, मले नाई माहीत. पाहायले येळच नव्हता. तुले माहीत असते का गा, लिहितानी?”

मी म्हणालो, नाही, तेवढे कोणी पाहत नाही.

“हं,” ते म्हणाले.

ते पास झाले. ठेकेदाराला निरोप गेला, की येत नाही. वहिनींनी कचेरीत सगळ्यांसाठी चारोळी घातलेली खीर पाठवली. भाऊंच्या नावाची पाटी माझ्या पाटीखाली लागली. ती वर लावा असे मी पुष्कळ म्हणालो, पण त्यांनी ऐकले नाही. आम्ही कामे वाटून घेतली. भाऊंनी सावलीची बाजू मागून घेतली.

त्यांच्या स्वतःच्या सहीचे पहिले काम म्हणजे तीच ढिवरांची सोसायटी. मीही मुद्दाम त्यांच्याबरोबर गेलो. आता कीर्द सगळी नव्या पैशांत होती, आणे उरले नव्हते. संध्याकाळपर्यंत भाऊंनी सगळे ताडून पाहिले आणि शेवटी फरक पडला. क्षुल्लक होता. सोसायटीचा सचिव ओशाळून हात चोळत उभा राहिला. अहवाल दोन दिवसांत चांद्याला द्यायचा होता. मी भाऊंच्या कानाशी म्हणालो, फरकाची ओळ टाका आणि सही करा. कायद्याने चालते. शेवटची मोटार निघून जाईल.

भाऊंनी चष्मा काढून पुसला. मला वाटले ते टाक उचलतील.

“थे आण्याचे तुकडे होते, तवा ठीक होतं,” ते म्हणाले. “आता तुकडे कुठी आहेत? हा तं कोणाचा ना कोणाचा असन.” मग ते माझ्याकडे वळून अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, “तू जाय बाप्पा. मोटर चुकन तुही. मी बसतो.”

मला तेव्हा जे वाटले ते लिहिले पाहिजे. मला आधी सुटल्यासारखे वाटले. माझ्या शिकवण्याने भाऊंचे काही बिघडले नव्हते. त्यांनी माझ्याकडून परीक्षेपुरते घ्यायचे तेवढे घेतले होते आणि बाकीचे तिथेच ठेवले होते. वर्षभर मी ज्या गोष्टीने स्वतःला कुरतडत होतो, ती झालीच नव्हती. पण लगेच दुसरेही लक्षात आले. मी गेल्या दोन वर्षांत जेवढ्या सह्या केल्या होत्या, त्यांतल्या कितीतरींच्या वर ती एक ओळ होती. तुकड्यांचा फरक कोणता आणि माणसांचा कोणता, हे मी एकदाही पाहिले नव्हते. पत्रकाने मला मोकळीक दिली होती आणि मी ती सगळीकडे वापरत आलो होतो.

त्यांच्याजवळ बसावे, असे मला वाटले. एक खतावणी मीही ओढून घ्यायची, एवढेच करायचे होते. छपरीत जागा होती. सचिवाने माझ्यासाठी सतरंजीही झटकली.

भाऊंनी मान खाली घातली होती आणि त्यांचे बोट पहिल्या पानावर वरून खाली येऊ लागले होते. रस्त्यावरून मोटारीचा भोंगा ऐकू आला. मला घरी जायचे होते. मी पिशवी उचलली, येतो भाऊ म्हणालो, आणि धावत जाऊन मोटार गाठली.